होय, हय, आसा, वाय, १: डेटा वाचताना ट्रू-फॉल्स नीट कसं उतरवायचं

जेसॉन, एक्सएमएल किंवा सीएसव्ही (डेटा मजकूर म्हणून ठेवायचे फॉरमॅट) वाचून त्याचे ऑब्जेक्ट बनवताना तारीख चुकली तर प्रोग्रॅम आदळतो आणि आपण ती दुरुस्त करतो. ट्रू-फॉल्सचं फील्ड चुकलं तर काहीच होत नाही. फाईल चढते, वेबसाइट उघडते आणि एसी नसलेल्या खोलीसमोर एसीची खूण दिसत राहते. मे महिन्याच्या उकाड्यात पाहुणा दारात उभा राहून तावातावाने बोलू लागला की मग शोधाशोध सुरू होते.

गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा एका ओळीत असतं: 'व्हॅल्यू ट्रू असेल तर ट्रू, नाहीतर फॉल्स.' हे 'नाहीतर' महागात पडतं. खरा नकार, रिकामं घर, टायपिंगची चूक आणि दुसऱ्या भाषेतला होकार, सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. खालची पद्धत त्या 'नाहीतर'ला कोडमधून हाकलण्यासाठी आहे.

उदाहरणाला एक यादी धरू. गोव्यातल्या होमस्टेंची शीट, पेडण्यापासून काणकोणपर्यंत निरनिराळ्या माणसांनी भरलेली. कॉलम पाच: एसी, पार्किंग, शिवराक (शाकाहारी) जेवण, पावसाळ्यात बंद, पर्यटन खात्याकडे नोंदणी. कोणी मराठीत भरलंय, कोणी देवनागरी कोंकणीत, कोणी रोमीत (रोमन लिपीतल्या कोंकणीत), कोणी इंग्रजीत. एखाद्या म्हाताऱ्या मालकाने पोर्तुगीजमध्ये 'सीं' लिहिलं असेल तर तेही आपल्याला वाचायचंच आहे.

लेखात इंग्रजी व्हॅल्यू देवनागरीत लिहिल्या आहेत. फाईलमध्ये त्या रोमन अक्षरांत असतात. नुसतं १ किंवा ० म्हटलं तर इंग्रजी आकडा समजावा. देवनागरी आकडा अभिप्रेत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: कोड लिहिण्याआधी व्हॅल्यू मोजा

प्रत्येक ट्रू-फॉल्स कॉलमसाठी एक वेगळी यादी काढा: कोणकोणत्या व्हॅल्यू आल्या आणि प्रत्येक किती वेळा. कोणती व्हॅल्यू म्हणजे ट्रू आणि कोणती फॉल्स, याचा तक्ता अंदाजाने लिहायला बसू नका. अंदाजात 'होय' आणि 'नाही' असतात. शीटमध्ये 'हो', 'होय.', 'हय', 'आसा', 'आहे', 'ना', 'नाय', 'वाय', 'येस', 'टी', देवनागरी १ आणि बरोबरची खूण असते.

मोजताना सगळं मजकूर म्हणूनच वाचा. पांडासला (पायथनच्या डेटा वाचणाऱ्या लायब्ररीला) मोकळं सोडलं तर ते आपल्या आधीच निर्णय घेतं, आणि इथे गोव्यातल्या शीटसाठी एक खास खड्डा आहे. रोमीत लिहिणारा माणूस नकार म्हणून एन आणि ए ही दोन कॅपिटल अक्षरं लिहितो. पांडासच्या सीएसव्ही वाचणाऱ्या फंक्शनच्या ठरलेल्या यादीत तीच दोन कॅपिटल अक्षरं 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून आहेत. म्हणजे मालकाने स्पष्ट 'ना' म्हटलं आणि आपल्या हाती रिकामं घर आलं. तोच 'ना' लहान लिपीत लिहिला असेल तर मात्र तो मजकूर म्हणून सुखरूप येतो. त्यामुळे एकाच कॉलममधले निम्मे नकार गायब आणि निम्मे शाबूत, असा विचित्र प्रकार होतो. उपाय दोन सेटिंगचा: सगळ्या कॉलमचा प्रकार मजकूर ठेवा आणि रिकाम्या व्हॅल्यूंची ठरलेली यादी बंद करा.

मजकूर म्हणून वाचण्याचं आणखी एक कारण आहे. ज्या कॉलममध्ये १, ० आणि काही रिकामी घरं आहेत तो पांडास दशांशाच्या प्रकारात नेतं. मग १ चा '१.०' होतो आणि '१' शोधणारा तक्ता त्याला ओळखत नाही.

यादीत प्रत्येक व्हॅल्यूशेजारी तिची लांबी आणि तिच्यातल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांकही (कोड पॉइंट) छापा. 'होय'मध्ये तीन कोड पॉइंट असतात: ह, ओकाराची मात्रा, य. 'नाही'मध्ये चार. 'होय'ची लांबी ४ आली तर त्याला काहीतरी अदृश्य चिकटलेलं आहे: न तुटणारी स्पेस, शून्य रुंदीचा जोडक किंवा फाईलच्या तोंडाशी असणारी बाइट-क्रमाची खूण. गो भाषेत मजकुराची लांबी बाइटमध्ये मिळते, म्हणून तिथे 'होय'चे ९ आणि 'नाही'चे १२ दिसतील. ते बरोबरच आहे.

दोन गोष्टी या यादीतच पकडायच्या.

एक, जुने फॉन्ट. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात रोमन अक्षरांचाच असतो, फक्त दिसतो देवनागरी. कृतीदेवमधला 'होय' फाईलमध्ये जी, के, एस आणि अर्धविराम असा उतरतो. अर्धविरामाने कॉलम तोडणारी सीएसव्ही असेल तर तो 'होय' कॉलमही तोडून जातो आणि त्या ओळीतलं पुढचं सगळं एक घर सरकतं. अशी फाईल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तक्त्यात जी-के-एस घालून भागवू नका.

दोन, खुणांचे फॉन्ट. एक्सेलमध्ये विंगडिंग्ज फॉन्ट लावून काढलेली बरोबरची खूण सीएसव्हीत आल्यावर दोन ठिपके डोक्यावर असलेलं 'यू' अक्षर होते, आणि चुकीची खूण टोपीवालं 'यू'. विंगडिंग्ज २ मध्ये बरोबरची खूण म्हणजे कॅपिटल 'पी', चुकीची म्हणजे कॅपिटल 'ओ'. पार्किंगच्या कॉलममध्ये 'पी' दिसला की 'पार्किंगचा पी असेल' असं समजून पुढे जाण्याचा मोह होतो. मूळ शीट उघडून फॉन्ट पाहा.

तपासा: यादीतल्या सगळ्या संख्यांची बेरीज फाईलमधल्या ओळींइतकी आहे ना? कमी असेल तर वाचतानाच काहीतरी गळलं आहे. पुढे जाऊ नका.

## टप्पा २: शीट भरणाऱ्याला विचारा

हा टप्पा गाळला जातो, कारण त्यात कोड नाही. पण काही व्हॅल्यूंचा अर्थ फाईलमध्ये नसतोच, तो भरणाऱ्याच्या डोक्यात असतो. फोन करा आणि सरळ विचारा: 'बाब, ही रिकामी घरं म्हणजे एसी नाही, की विचारायचंच राहिलं?' इंग्रजी 'एक्स' म्हणजे फुली मारून निवडलं, की फुली मारून खोडलं? दोन्ही पद्धती सर्रास चालतात. 'आहे पण चालत नाही' हे कशात धरायचं?

मिळालेली उत्तरं एका साध्या फाईलमध्ये कोडच्या शेजारीच ठेवा: कॉलम, व्हॅल्यू, अर्थ, कोणी सांगितलं, कधी सांगितलं. चॅटमध्ये ठेवलेला अर्थ सहा महिन्यांनी कोणालाच सापडत नाही.

## टप्पा ३: किती अवस्था आहेत ते ठरवा

ट्रू आणि फॉल्स या दोनच अवस्था मानून सुरुवात केली की पुढे सगळं वाकडं जातं. वाचताना पाच शक्यता असतात: ट्रू, फॉल्स, फील्ड आहे पण रिकामं किंवा नल ('काहीच नाही' अशी खास व्हॅल्यू), फील्डच नाही, आणि न ओळखता आलेली व्हॅल्यू. शेवटची अवस्था म्हणजे एरर. मधल्या दोहोंचं काय करायचं ते डेटा कुठून येतो यावर ठरतं.

वेब फॉर्मच्या चेकबॉक्सचं उदाहरण घ्या. खूण केली आणि वेगळी व्हॅल्यू दिलेली नसली तर ब्राउझर 'ऑन' पाठवतो. खूण केली नाही तर फील्डच पाठवत नाही. तिथे फील्ड नसणं हाच नकार. उलट जेसॉन मर्ज पॅच (फक्त बदल पाठवायची पद्धत) मध्ये, म्हणजे आरएफसी ७३९६ या इंटरनेट दस्तऐवजात, फील्ड नसणं म्हणजे 'जुनं आहे तसं राहू द्या' आणि नल म्हणजे 'काढून टाका'. चेकबॉक्सचा नियम इथे लावला तर फोन नंबर बदलायला आलेली रिक्वेस्ट होमस्टेची नोंदणी रद्द करून जाईल.

ऑब्जेक्टमधला प्रकारही त्याप्रमाणे निवडा. जावातलं साधं बूलियन (ट्रू-फॉल्सचा प्रकार) आणि गोमधलं साधं बूल, दोन्ही काही न सांगितल्यास फॉल्स असतात. त्यांना 'माहीत नाही' म्हणताच येत नाही. 'माहीत नाही' ही अवस्था लागणार असेल तर जावात रॅपर प्रकार, गोमध्ये पॉइंटर, सी-शार्पमध्ये नलेबल प्रकार घ्या. किंवा तीन नावांचा ईनम (ठरलेल्या नावांपैकी एकच घेणारा प्रकार) करा. मला ईनम जास्त आवडतो, कारण नल पाहिला की पुढचा माणूस त्याला लगेच फॉल्स करून टाकतो. 'माहीत नाही' असं नाव वाचलं की हात जरा थांबतो.

## टप्पा ४: प्रत्येक फील्डला स्वतःचा तक्ता

सगळ्या प्रोग्रॅमसाठी एकच मोठा तक्ता करू नका. आपल्या यादीतला 'बंद' हा शब्द पाहा. एसीच्या कॉलममध्ये 'बंद' म्हणजे फॉल्स. 'पावसाळ्यात बंद' या कॉलममध्ये तोच शब्द म्हणजे ट्रू, आणि 'चालू' म्हणजे फॉल्स. एकच तक्ता ठेवला तर जून ते सप्टेंबर कुलूप असणारी घरं वेबसाइटवर उघडी दिसतील आणि उघडी असलेली गायब होतील.

मांडणी अशी ठेवा:

- सगळ्यांना समान, लहान यादी: ट्रूसाठी 'ट्रू', 'येस', 'वाय', 'होय', 'हो', 'हय', 'सीं', १, देवनागरी १. फॉल्ससाठी 'फॉल्स', 'नो', 'एन', 'नाही', 'नाय', 'ना', पोर्तुगीज 'नांव', ०, देवनागरी ०.
- एसी, पार्किंग, शिवराक यांची भर: 'आहे', 'आसा' ट्रू, एसीपुरतं 'चालू' ट्रू, 'बंद' फॉल्स.
- पावसाळ्यात बंद याची भर: 'बंद' ट्रू, 'चालू', 'उघडं' फॉल्स.

'ऑन-ऑफ' आणि 'टी-एफ' समान यादीत मुद्दाम नाहीत. जिथे खरोखर आले तिथेच घाला. पोस्टग्रेसमधून कॉपी कमांडने काढलेल्या फाईलमध्ये 'टी' आणि 'एफ' येतात. तशा फाईलच्या तक्त्यात ते हवेतच.

आकड्यांबाबत एक गोष्ट विसरली जाते. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ट्रू म्हणजे उणे १. जुन्या दुकानांचे, लॉजचे हिशेब ॲक्सेसमध्ये असणं अजूनही नवलाचं नाही. फक्त १ तपासलं तर अशा फाईलमधला प्रत्येक होकार बाद होतो. 'शून्य नसेल ते सगळं ट्रू' हाही इलाज नव्हे. मायएसक्यूएलमधलं बूलियन प्रत्यक्षात टायनीइंट, म्हणजे छोटा पूर्णांक, असतं आणि त्यात २ किंवा ९ सुद्धा बसतात. कोणीतरी ९ 'माहीत नाही' म्हणून वापरलेला असू शकतो. म्हणून आकड्यांचीही बंद यादी करा: १, ०, आणि फाईल ॲक्सेसची असेल तर उणे १.

सावधान: पहिल्या अक्षरावरून किंवा शब्दाच्या तुकड्यावरून ठरवू नका. 'न'ने सुरू होतं म्हणून नकार धरला तर 'नक्की' आणि 'नवा आहे' हेही नकार होतात. 'हो'ने सुरू होतं म्हणून होकार धरला तर 'होता, विकला' हाही होकार. 'आहे' कुठेही सापडला की ट्रू, असा नियम केला तर 'नादुरुस्त आहे' ट्रू होतं. पूर्ण शब्द जुळला तरच पास.

## टप्पा ५: वाचणारं फंक्शन, ठरलेल्या क्रमाने

क्रम बदलला की निकाल बदलतो. म्हणून हा असाच ठेवा:

    वाच(फील्ड, व्हॅल्यू):
      व्हॅल्यू मुळातच बूलियन असेल    → तशीच परत
      व्हॅल्यू नल असेल               → माहीत नाही
      व्हॅल्यू पूर्णांक असेल          → फील्डच्या आकड्यांच्या यादीत शोधा
      व्हॅल्यू मजकूर असेल            → साफ करा
          रिकामी उरली               → फील्डचा रिकाम्याचा नियम
          रिकामी नाही               → फील्डच्या शब्दांच्या तक्त्यात शोधा
      काहीच जुळलं नाही              → एरर (ओळ, फील्ड, मूळ व्हॅल्यू)

पायथनमध्ये बूलियनची तपासणी पूर्णांकाच्या आधीच हवी, कारण तिथे बूल हा इंटचाच उपप्रकार आहे. ट्रूला 'तू पूर्णांक आहेस का' विचारलं तर तो हो म्हणतो. त्याच कारणाने पायथनच्या डिक्शनरीत ट्रू, १ आणि १.० ही एकच की ठरते. शब्दांचा आणि आकड्यांचा तक्ता वेगळा ठेवला की हा घोळ उरत नाही.

आता साफसफाई, आणि तीही याच क्रमाने:

1. युनिकोड एका रूपात आणा. एनएफसी (अक्षर आणि खूण जोडून एक करणारं युनिकोडचं रूप) पुरेसं आहे. पोर्तुगीज नकारातलं नागमोडी खुणेचं 'ए' कधी एक कोड पॉइंट असतं, कधी साधं 'ए' आणि वर वेगळी खूण. डोळ्यांना दोन्ही सारखीच. एनएफसीनंतर ती एक होतात.
2. अदृश्य अक्षरं काढा: शून्य रुंदीची स्पेस, जोडक, अजोडक, बाइट-क्रमाची खूण. हे फक्त या फील्डच्या तुलनेसाठीच्या प्रतीवर करा. गावांच्या, माणसांच्या नावांतून जोडक काढला तर जोडाक्षरं बदलतील.
3. दोन्ही टोकांच्या स्पेस काढा.
4. शेवटचा पूर्णविराम किंवा दंड असेल तर काढा.
5. रोमन अक्षरं लहान लिपीत आणा.

तिसऱ्या पायरीवर भाषेप्रमाणे फरक पडतो. पायथनचं स्ट्रिप न तुटणारी स्पेस काढतं, पण शून्य रुंदीची स्पेस काढत नाही. जावातलं ट्रिम न तुटणारी स्पेस काढत नाही, आणि जावा ११ मध्ये आलेलं स्ट्रिपसुद्धा काढत नाही. ती हाताने काढावी लागते. जावास्क्रिप्टचं ट्रिम ती काढतं आणि बाइट-क्रमाची खूणही काढतं. म्हणजे ब्राउझरमध्ये तपासून पास झालेली व्हॅल्यू जावाच्या सर्व्हरवर नापास होऊ शकते.

देवनागरी आकडे मजकूर म्हणूनच तक्त्यात ठेवा, संख्येत बदलून तुलना करू नका. पायथनचं इंट आणि जावाचं पार्सइंट देवनागरी १ ला एक समजतात, जावास्क्रिप्टचं नंबर 'संख्या नाही' म्हणतं, गोचं एटॉय एरर देतं. एकच फाईल दोन सर्व्हिस दोन तऱ्हेने वाचतील.

तपासा: फंक्शनमध्ये कुठेही शेवटी 'नाहीतर फॉल्स' उरलेलं नाही ना? सर्च मारून बघा.

## टप्पा ६: हे फंक्शन लायब्ररीत कुठे अडकवायचं

सर्वसाधारण नियम: फील्डवर अडकवा, प्रकारावर नाही. सगळ्या बूलियनना एकच कन्व्हर्टर लावला तर 'बंद'ची भानगड परत आली. आणि आपलं फंक्शन लायब्ररीच्या स्वतःच्या रूपांतराच्या *आधी* चाललं पाहिजे. नंतर चाललं तर त्याच्या हातात आधीच बिघडलेला ट्रू येतो.

पायथन. बूल या फंक्शनला 'फॉल्स' हा मजकूर दिला तर उत्तर ट्रू येतं, कारण रिकामा नसलेला कोणताही मजकूर ट्रू. 'नाही'सुद्धा ट्रू. पांडासमध्ये मजकुराचा कॉलम ॲज-टाइपने बूलमध्ये नेला की हेच होतं, आणि रिकाम्या घरातला नॅनही ट्रू होतो. पांडासमध्ये ट्रू आणि फॉल्सच्या व्हॅल्यू आधी सांगायची सोय आहे. पण कॉलममध्ये एक जरी परका शब्द आला तरी सबंध कॉलम मजकूरच राहतो, तोही न ओरडता. डेटा तपासणारी पायडँटिक ही लायब्ररी त्या मानाने शहाणी आहे: 'येस', 'वाय', 'ऑन', 'टी', १ आणि त्यांचे नकार स्वतः ओळखतं, बाकीच्याला एरर देतं. आपलं फंक्शन त्यात 'बिफोर' व्हॅलिडेटर म्हणून लावा आणि फील्ड स्ट्रिक्ट ठेवा, म्हणजे तक्त्यात नसलेला 'ऑन' मागच्या दाराने आत येणार नाही.

जावा. जीसॉन (जेसॉन वाचणारी जावाची लायब्ररी) वापरत असाल तर जास्त जपा. बूलियन फील्डला मजकूर आला की ते जावाच्या पार्सबूलियनकडे देतं, आणि पार्सबूलियन 'ट्रू' सोडून जगातल्या कुठल्याही मजकुराला फॉल्स म्हणतं. 'होय' फॉल्स, 'येस' फॉल्स, '१' फॉल्स, एरर एकही नाही. जॅक्सन ही तशीच दुसरी लायब्ररी 'होय'ला एरर देते, ते चांगलं. पण आकड्यांत शून्य सोडून सगळं ट्रू धरते. जॅक्सनमध्ये कस्टम डिसीरियलायझर (मजकुराचं ऑब्जेक्ट करणारा स्वतःचा कोड) लिहिताना दोन गोष्टी हमखास राहतात. मॉड्यूलमध्ये नोंदवत असाल तर साधं बूलियन आणि रॅपर बूलियन या दोन्हींसाठी वेगवेगळं नोंदवा. आणि नल आला की डिसीरियलाइझ मेथडला बोलावणं जातच नाही, त्यासाठी नल-व्हॅल्यू देणारी वेगळी मेथड लिहावी लागते. जॅक्सन २ मध्ये साध्या बूलियनला नल आला तर मुकाट्याने फॉल्स होतो. तिथे एरर हवी असेल तर प्रिमिटिव्हला (साध्या प्रकाराला) नल आल्यास अडवण्याचं सेटिंग चालू करा.

डॉटनेट. डॉटनेटची स्वतःची जेसॉन लायब्ररी सिस्टम-टेक्स्ट-जेसॉन अवतरणातल्या 'ट्रू'लाही नकार देते, त्यामुळे कन्व्हर्टर लागतोच. न्यूटनसॉफ्ट या दुसऱ्या जेसॉन लायब्ररीवरून तिच्यावर येणाऱ्यांचं कालपर्यंत चालणारं कोड नेमकं इथे मोडतं. एक्सएमएल सीरियलायझर १, ० आणि लहान लिपीतले 'ट्रू', 'फॉल्स' एवढंच घेतो. कॅपिटल टीचा 'ट्रू' आला की फॉरमॅटची एरर. तिथे रूढ उपाय म्हणजे खऱ्या बूल प्रॉपर्टीला 'एक्सएमएल इग्नोर' लावायचं आणि शेजारी मजकुराची एक पब्लिक प्रॉपर्टी ठेवून तिच्या सेटरमध्ये आपलं फंक्शन बोलवायचं. या जोड-प्रॉपर्टीच्या नावाचा शेवट 'स्पेसिफाइड' असा करू नका. सीरियलायझर त्या नावाच्या बूल प्रॉपर्टीला खास अर्थ देतो.

गो. स्वतःचा प्रकार करून त्यावर अनमार्शल-जेसॉन मेथड पॉइंटर रिसीव्हरने लिहा. फील्ड गैरहजर असेल तर ही मेथड चालतच नाही, म्हणून 'फील्ड नाही' ही अवस्था पॉइंटरनेच कळेल. तयार पार्सबूल फंक्शन १, ०, 'टी', 'एफ', 'ट्रू', 'फॉल्स' यांची ठरलेली रूपं ओळखतं; 'येस' आणि 'वाय' नाही.

जावास्क्रिप्ट. बूलियन या फंक्शनला 'फॉल्स' मजकूर दिला तर इथेही ट्रू. जेसॉन-पार्सच्या रिव्हायव्हरमध्ये (वाचताना प्रत्येक व्हॅल्यूवर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) बदल करायचा मोह टाळा. त्याला कीचं नाव मिळतं, पूर्ण वाट मिळत नाही. 'चालू' नावाची की एसीतही असेल आणि होमस्टेतही, तर दोन्हींवर एकच नियम चालेल. शिवाय रिव्हायव्हरमधून चुकून अनडिफाइन्ड परत गेलं तर ते फील्डच ऑब्जेक्टमधून उडतं. आधी साधं पार्स करा, मग ऑब्जेक्टवर फील्डनिहाय चाला.

यॅमल (सेटिंग लिहायला वापरतात तो मजकूर-फॉरमॅट). यॅमल १.१ मध्ये अवतरणाविना लिहिलेले 'येस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' हे बूलियन असतात, १.२ च्या मूळ स्कीमात फक्त 'ट्रू' आणि 'फॉल्स'. पायथनचं पायवायएएमएल १.१ पाळतं. नॉर्वेच्या पाहुण्याचा देश-कोड कॅपिटल एन-ओ असा लिहिला की तो फॉल्स होऊन येतो. इथे उलटा त्रास आहे: जे बूलियन नाही ते बूलियन होतं.

## टप्पा ७: नापास व्हॅल्यूंचं काय करायचं

पहिल्या एररवर थांबू नका. सगळी फाईल वाचून नापास झालेल्यांची यादी एकदम द्या. यादीत ओळीचा क्रमांक, फील्ड, मूळ व्हॅल्यू आणि तिचे कोड पॉइंट असू द्या. नुसतं 'अवैध व्हॅल्यू: होय' असं छापलं तर वाचणारा चक्रावतो, कारण त्याला तो 'होय' अगदी बरोबर दिसत असतो.

मग फील्डचं वजन पाहून ठरवा. एसी कळलं नाही तर होमस्टे दाखवा, फक्त एसीची खूण दाखवू नका. नोंदणीच्या कॉलमला ही सवलत नको: गोव्यात पर्यटन व्यवसायाची नोंदणी १९८२ च्या कायद्याखाली बंधनकारक आहे, तेव्हा तिथे 'माहीत नाही' असलेली ओळ माणसाने बघितल्याशिवाय चढता कामा नये.

नवीन शब्द आला की तो आपोआप तक्त्यात घालणारं काही लिहू नका. टप्पा २ चा फोन करा, मग घाला.

## टप्पा ८: चाचण्या

तक्त्यातली प्रत्येक नोंद एकेक चाचणी. त्यांपैकी काहींना मागे साधी स्पेस, न तुटणारी स्पेस आणि जोडक लावून पुन्हा. पण खरा उपयोग नापास *व्हायलाच हव्यात* अशा व्हॅल्यूंचा: 'नक्की', 'होता', 'नादुरुस्त आहे', २, '१.०', 'ट्रूट्रू', एसी कॉलममध्ये 'उघडं'. शून्यासारखं दिसणारं देवनागरी लाघव चिन्हही घाला. ते शून्य नव्हे. फील्ड नसलेला, नल असलेला आणि रिकामा मजकूर असलेला असे तीन रेकॉर्ड वेगवेगळे ठेवा. 'पावसाळ्यात बंद'मध्ये 'बंद' आणि एसीमध्ये 'बंद' या दोन चाचण्या शेजारी-शेजारी लिहा, म्हणजे उद्या कोणी तक्ते एकत्र करायला गेला तर लगेच लाल दिवा लागेल.

तपासा: खऱ्या फाईलवर चालवून ट्रू + फॉल्स + माहीत नाही + नापास यांची बेरीज टप्पा १ च्या संख्येशी प्रत्येक कॉलममध्ये जुळवा. एखाद्या कॉलममध्ये एकही फॉल्स नसेल तर बेरीज जुळली तरी संशय घ्या. बूल फंक्शनला मजकूर दिला की असंच चित्र दिसतं.

## टप्पा ९: परत लिहिताना

डेटा परत पाठवायचा असेल तर मूळ व्हॅल्यू वेगळी जपून ठेवा आणि समोरच्याला कळेल त्या रूपातच लिहा. पायथनमध्ये ट्रूचा सरळ मजकूर केला की पहिलं अक्षर कॅपिटल येतं. ते तसंच एक्सएमएलमध्ये घातलं तर पलीकडचा डॉटनेटचा सीरियलायझर नाकारतो. जेसॉनमध्येही लहान लिपीतलेच 'ट्रू' आणि 'फॉल्स' वैध, आणि तेही अवतरणाविना. म्हणून मजकूर जोडून जेसॉन बनवू नका, लायब्ररीला लिहू द्या. गोमध्ये बूल फील्डवर ओमिट-एम्प्टी लावलेलं असेल तर फॉल्स लिहिलाच जात नाही, आणि टप्पा ३ मधली 'फील्ड नाही' ही अवस्था समोरच्याच्या गळ्यात पडते. यॅमल लिहीत असाल तर 'नो'सारखा मजकूर अवतरणात टाका, वाचणारा १.१ चा आहे की १.२ चा, हे तुम्हाला फाईल लिहिताना कळणार नसतं.